साराबाईंनी लावलेला कलप

शमुवेलच्या डोक्याला कलप लावायचा हे साराबाईंनी शुक्रवारी सकाळीच ठरवून टाकलं होतं. शमुवेलला ते संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर कळलं.

साराबाई म्हणजे त्याची थोरली बहीण. नगरमध्ये मुलींच्या एका बोर्डिंगात त्या शिवण शिकवायच्या. नवरा शाळामास्तर होता. तो काविळीनं गेला तेव्हा पदरात दोन लहान मुली होत्या. शमुवेल तेव्हा चोविशीचा, नुकताच एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून लागलेला. आपली पत्र्याची ट्रंक सायकलला बांधून तो बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला आला आणि तिथलाच झाला. मुलींच्या फिया, गोवर-कांजिण्या, नाताळचे कपडे, सगळं त्यानं बघितलं. थोरलीचं लग्नही त्यानंच लावून दिलं. आता धाकटी हन्ना अध्यापिका विद्यालयात शिकत होती आणि शमुवेलनं चाळिशी ओलांडली होती. त्याच्या लग्नाचं बोलणं घरात कुणी काढत नसे. इतक्या वर्षांत ती एक सवयच होऊन गेली होती.

बाहत्तर साल लागलं आणि नाताळची पाहुणेमंडळी घरोघर परतली, तेव्हा लांबच्या नात्यातल्या यशयामामांनी एक स्थळ आणलं. सोनईची पुष्पावती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय छत्तीसच्या आसपास. बाप वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता, तो जाईपर्यंत त्याची सेवा करण्यात तिचं लग्न राहून गेलं होतं. मामांनी हे सांगितलं तेव्हा साराबाई भाकरी थापत होत्या. शमुवेल नेहमीसारखा हसून विषय टाळेल असं त्यांना वाटलं होतं. पण तो म्हणाला, "बघायला काय हरकत आहे?" आणि उठून अंगणात सायकल पुसायला गेला.

साराबाईंचा हात परातीत तसाच थांबला. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस इतकी वर्षं गप्प होता, तर आपण त्याला एकदाही विचारलं कसं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं. ते त्यांनी तिथंच दाबलं आणि त्या कामाला लागल्या. त्याच्यासाठी नवा सदरा शिवला. कोटाची बटणं बदलली. पुढच्या रविवारी उपासना झाली की सोनईला जायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी शमुवेल आरशासमोर भांग पाडत होता, तेव्हा त्याच्या कानशिलांवरचे पांढरे केस त्यांच्या नजरेत भरले. बोर्डिंगातून येताना त्या कापडबाजारात गेल्या आणि एका दुकानातून कलपाची डबी घेऊन आल्या.

"आक्का, हे काय भलतंच?" शमुवेल म्हणाला.

"बस त्या स्टुलावर. ऊन आहे तोवर उरकू."

"लोक हसतील गं."

"हसायला कुणाला कळणारे? हन्ना मैत्रिणीकडं गेलीय. दाराला कडी घातलीय मी."

तो बसला. अंगाभोवती जुना टॉवेल गुंडाळून घेतला. साराबाईंनी बशीत डबीतल्या दोन्ही बाटल्यांतलं औषध ओतलं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं कालवायला सुरुवात केली. वास उग्र होता. शमुवेल कंपाउंडर माणूस. दवाखान्याच्या खिडकीत बसून "बाटली हलवून घ्यायची, कागदाच्या खुणेपर्यंतच घ्यायचं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही" हे रोज प्रत्येकाला बजावणारा. त्यानं मान वळवून विचारलं,

"आत कागद असेल ना? वाचलास का?"

"वाचला की."

"काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? कालवा आणि लावा. मान सरळ ठेव."

त्यानं मान सरळ ठेवली. कागद डबीत जसा घडी करून आला होता तसाच होता. साराबाईंनी तो बोटाच्या चिमटीत एकदा वर काढला होता. 'वापरण्यापूर्वी' एवढा एक शब्द दिसला आणि त्यांनी तो परत आत सारला होता.

शनिवारी सकाळी शमुवेलचे केस काळेभोर दिसत होते. हन्ना त्याच्याकडे बघून लाजली आणि मग हसत सुटली. तोही हसला. पण न्याहारी करताना तो सारखा डोकं खाजवत होता. दुपारी दवाखान्यात त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळावर गांधी उठल्या. संध्याकाळी घरी आला तेव्हा पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, आणि टाळूवरून लस येत होती. साराबाईंनी त्याला बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. तशाच तांब्यासकट त्या त्याला घेऊन डॉक्टरांच्या घरी गेल्या.

डॉक्टरांनी दिव्याखाली त्याचं डोकं बघितलं.

"कलप लावलास? तुला तर सल्फाच्या पुडीनंसुद्धा हाताला खाज सुटते. पहिल्यांदा लावताना कानामागं थेंबभर लावून एक दिवस थांबायचं असतं. कागदावर लिहिलेलं असणार. वाचला नाही का?"

शमुवेलला समोरचं धड दिसत नव्हतं. तो म्हणाला, "आक्कानं वाचला होता, साहेब. त्यात तसं काही नसेल."

डॉक्टरांनी साराबाईंकडे बघितलं. साराबाईंनी तांब्याकडे बघितलं. 'मी वाचला नव्हता' एवढेच शब्द बोलायचे होते. ते ओठांवर आले आणि तिथंच राहिले. डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की न्हाव्याला बोलावून आत्ताच्या आत्ता डोकं भादरून घ्या, औषध निघालं पाहिजे.

न्हावी येऊन गेला. शमुवेल डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवून पडला. साराबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन डबीतला कागद काढला आणि उलगडला. शोधायची गरजच पडली नाही. पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, मराठीतच लिहिलं होतं. कानामागं लावून पाहा. एक दिवस थांबा. खाज सुटली तर वापरू नका.

त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. रोज पहाटे त्या पवित्र शास्त्रातला, बायबलातला, एक अध्याय वाचत, आणि त्याचा टाइप या कागदापेक्षाही बारीक होता. शिवणाच्या यंत्राचा कागद मात्र त्यांनी कधी वाचला नव्हता. पण यंत्र बोर्डिंगातल्या बाईंनी हाताला धरून शिकवलं होतं. घरात स्टोव्ह आला तो शेजारणीनं पेटवून दाखवला. नवी वस्तू कुणीतरी दाखवतं आणि आपण ती वापरतो, कागद डब्याखाली अंथरायला होतो, असंच चालत आलं होतं. कलपाचं तसं नव्हतं. कलप कसा लावायचा हे विचारायला त्या कुणाकडे जाऊ शकत नव्हत्या. घरात कलप आणलाय हे कळूच द्यायचं नव्हतं. या वेळी सांगणारं माणूस नव्हतं, नुसता कागद होता. आणि तरीही त्यांनी तो घडीतच ठेवला. का ठेवला, हे त्या स्वतःला विचारत राहिल्या, आणि उत्तर फार लांब नव्हतं. कागद थांबायला सांगेल अशी त्यांना भीती होती. शुक्रवारची संध्याकाळ होती, रविवार दोन पावलांवर होता. थांबा असं एकदा वाचलं असतं तर थांबावं लागलं असतं. वाचलंच नाही, की मग आपल्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मोकळं.

रविवारी शमुवेलचे डोळे पूर्ण मिटले होते. सोनईला निरोप धाडायला दुसरी वाट नव्हती. साराबाई उपासनेला देवळात न जाता एसटी स्टँडवर गेल्या. घोडेगावच्या फाट्यापर्यंत बस उसाच्या गाड्यांमागं रखडत गेली. सगळा रस्ताभर त्या काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होत्या.

पुष्पावतीचं घर शेणानं नुकतंच सारवलेलं होतं. शाळेतून आणलेल्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या आणि त्यांवर विणलेले रुमाल टाकले होते. तिची म्हातारी आई कडूबाई उंबऱ्यातच बसली होती.

"सलाम, बाई. पावनं कुठं हायती? मागून येत्यात व्हय?"

"त्याला ताप आलाय," साराबाई म्हणाल्या. "अचानक आला."

"आगं बया! लई हाय का?"

पुष्पावती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, सडपातळ, शाळेतल्या बाईंची सरळ नजर. तिनं वाकून पाणी दिलं तेव्हा साराबाईंना तिचा भांग दिसला. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस पांढरे झाले होते. ते झाकायचा कुठलाही प्रयत्न नव्हता. तेल लावून, चापूनचोपून, वेणी घालून ती पाहुण्यांसमोर तशीच आली होती. साराबाईंनी पेला तोंडाला लावलाच नाही. कडूबाई चुलीवरची कढई उतरवायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "हिनं काल शाळेतून येऊन रातच्याला करंज्या केल्या. म्या म्हनलं कशाला येवढा कुटाना, तर ऐकंना."

साराबाईंनी पेला खाली ठेवला.

"ताप नाही आला त्याला. मी खोटं बोलले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कलप, कागद, सुजलेले डोळे, न्हावी. पुष्पावती खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होती. ती हसली नाही.

"त्यांना हवा होता का कलप?" तिनं विचारलं.

"नाही. मीच लावला."

"वय तर मामांनी आम्हाला सांगितलंच होतं." ती म्हणाली, "मग तुम्हाला लपवायचं तरी काय होतं?"

साराबाईंना लपवायचं होतं ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते या घरात सांगायचं नव्हतं. पुष्पावतीनं करंज्या एका डब्यात भरून दिल्या आणि एसटीपर्यंत सोबत केली. बस निघताना एवढंच म्हणाली, "त्यांना बरं वाटू दे." हो किंवा नाही यातलं तिनं काहीच सांगितलं नाही.

घरी परतल्यावर साराबाई शमुवेलच्या कॉटपाशी बसल्या. दिवेलागण होत होती. हन्ना विहिरीवर पाण्याला गेली होती. त्यांनी घडी पिळून पुन्हा त्याच्या डोळ्यांवर ठेवली आणि सोनईची हकिगत सांगितली. मग म्हणाल्या,

"मी कागद वाचला नव्हता, शमू. तू विचारलंस तेव्हा खोटं सांगितलं. डॉक्टरांसमोर तू माझी बाजू घेतलीस तेव्हाही गप्प बसले."

"आलं माझ्या ध्यानात," तो म्हणाला. "जाऊ दे. मीही कंपाउंडर आहे. कागद हातात घेऊन बघायला मला काय झालं होतं? मलाही रविवार हवाच होता की."

त्यानं इतक्या सहज सोडून दिलं, की साराबाईंना तेच सोसेना. त्याचे डोळे मिटलेले होते. तो आपल्याकडे बघत नाही एवढ्याच आधारावर त्या पुढं बोलल्या.

"अजून एक आहे. राहात्याच्या मेळाव्याला गेला होतास बघ तू, हन्ना नुकती बोलायला लागली होती तेव्हा. नंतर तिथल्या गायकवाड मास्तरांकडून विचारणा आली होती. तुझ्यासाठी. त्यांच्या मुलीची, सलोमीची."

शमुवेलची मान उशीवर त्यांच्याकडे वळली.

"मी सांगितलं, त्याचा सध्या तसला विचार नाही."

"मला न विचारता?"

"न विचारता."

"का नाही विचारलंस?"

"तू हो म्हणाला असतास."

बाहेर हन्नानं कळशी ठेवल्याचा आवाज झाला. शमुवेलनं डोळ्यांवरची घडी स्वतःच्या हातानं काढली आणि उशाशी ठेवली.

"सलोमीनं मला एकदा विचारलं होतं," तो हळू म्हणाला. "नाताळात, इथंच, देवळाच्या पायरीवर. तुम्ही पुन्हा राहात्याला आला नाहीत, म्हणाली. मला कळेना की ही असं का विचारतेय. मी म्हणालो, दवाखान्यातून सुट्टी मिळत नाही." मग तो म्हणाला, "आता तू जा, आक्का."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री त्याला हन्नानं जेवायला वाढलं.

सूज आठवड्याभरात उतरली. पण घर पूर्वीसारखं झालं नाही. शमुवेल भांडला नाही, टोमणा मारला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. डबा घेऊन जायचा, धुऊन परत आणायचा. पूर्वी रात्री जेवताना दवाखान्यातल्या गमती सांगायचा, त्या बंद झाल्या. साराबाईंना वाटायचं, याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. पहाटे शास्त्र उघडून बसल्या की अक्षरं दिसायची, आणि त्यांना वाटायचं, हे वाचायला आपल्याला काय लागतं? इथं लिहिलेलं तर आपल्याला तोंडपाठ आहे. ज्यात आपल्याला आडवं येणारं काही असेल ते आपण वाचत नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्याला नको असेल ते विचारत नाही.

पुढचं त्यांना हन्नाकडून कळलं. शमुवेल आता जे सांगायचं ते हन्नाला सांगायचा.

भादरलेलं डोकं बघून दवाखान्यातले पेशंट त्याला सारखे विचारायचे, "कंपाउंडरसाहेब, घरात कोण गेलं?" ख्रिस्ती माणूस डोकं कशाला भादरेल हेही कुणाच्या लक्षात येत नव्हतं. तो कंटाळून टोपी घालून बसायला लागला. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी औषधाच्या खिडकीशी रांग होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"पुष्पावती."

"काय होतंय?"

"मला काही होत नाही. तुम्हाला काय झालं होतं ते बघायला आले."

शमुवेलनं वर बघितलं. मग टोपी काढली. खुंटं उगवली होती, आणि कानशिलांवरची सगळी पांढरी होती. ती म्हणे बराच वेळ बघत राहिली, आणि मागच्या म्हातारीनं "ओ बाई, सरका की" असं म्हटलं तेव्हा कुठं दोघं हसली. नगरला तिचं शाळेच्या कामानं येणं व्हायचं. नंतरही ती दोन-तीनदा आली. दोघांनी काय ठरवायचं ते आपलं आपण ठरवलं, यशयामामांना कळवलं, आणि मग शमुवेलनं घरी येऊन साराबाईंना सांगितलं,

"आक्का, मे महिन्याच्या सुट्टीत लग्न आहे. पाळकसाहेबांशी बोललोय."

"बरं झालं, शमू," साराबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. पण ही बातमी आपल्याला सर्वांत शेवटी कळली, आणि ते योग्यच आहे, हेही त्यांना समजत होतं.

लग्नासाठी त्यांनी पुष्पावतीचं पोलकं शिवलं, पण माप घेण्याआधी आणि कापड कापण्याआधी प्रत्येक गोष्ट तिला विचारली. गळा किती, बाही किती, काठ वर हवा की खाली. शेवटी पुष्पावतीच म्हणाली, "आक्का, इतकं विचारू नका. पोलकंच आहे."

लग्नानंतर तिची बदली नगरजवळच्या एका शाळेत झाली. शमुवेलनं सावेडीला खोली घेतली. तिकडं तेव्हा नवी घरं उठत होती, मधे मोकळं माळरान होतं. ट्रंक सायकलला बांधून तो निघाला तेव्हा साराबाई दारात उभ्या होत्या. थांब म्हणायचा त्यांना हक्क वाटला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी जेवायला येत जा." तो म्हणाला, "येऊ."

आणि खरंच दोघं यायची. उपासना झाली की सगळी मिळून साराबाईंकडे जेवायची. शमुवेल सभ्यपणानं बसायचा, पाहुण्यासारखा. राहात्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. साराबाईंनीही काढला नाही. माफ केलं का, असं विचारावंसं त्यांना दर रविवारी वाटायचं. पण हा प्रश्न त्या स्वतःचा भार उतरवायला विचारणार होत्या, त्याच्यासाठी नाही, हे कळत असल्यामुळं त्या गप्प राहायच्या.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. श्रावणातली गोष्ट. रविवारचं जेवण चाललं होतं. शमुवेलच्या ताटातला भात संपत आला होता. बोलता बोलता साराबाईंनी सवयीनं भाताचा मोठा डाव त्याच्या ताटात उलटा केला. वर आमटीही ओतली.

शमुवेलनं हातातला घास ताटात टाकला.

"विचारत जा ना गं, आक्का!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की हन्नाच्या हातून पेला पडला. "मला हवाय की नको, एकदा तरी विचारशील? आयुष्यभर आपलं तूच ठरवायचं, तूच वाढायचं, आणि मी खायचं! माझं तोंड शिवलंय का? मला बोलता येत नाही का?"

या घरात त्याचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. तो उठला, तसाच खरकट्या हातानं अंगणात जाऊन उभा राहिला. पुष्पावती त्याच्यामागं जायला निघाली, पण साराबाईंनी मान हलवून तिला थांबवलं. कुणी जेवत नव्हतं. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा रेडिओ ऐकू येत होता. शमुवेल हौदापाशी गेला, हात धुतला, तोंडावर पाणी मारलं, आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.

मग तो आत आला. पाटावर बसला आणि ताट पुढं ओढलं.

"थंड झालं असेल," साराबाई म्हणाल्या. "गरम आमटी देऊ?"

"दे," तो म्हणाला. "थोडीच."

त्यांनी पळीभर आमटी वाढली आणि तो जेवायला लागला. भात जास्त झाला होता तरी त्यानं सगळा संपवला. मग हन्नाकडे वळून तो सांगायला लागला, की काल दवाखान्यात एका आजीबाईंनी पोटात घ्यायचं औषध गुडघ्याला चोळलं आणि गुडघा बरा झाला म्हणून पुन्हा तीच बाटली मागायला आल्या. हन्ना हसायला लागली, पुष्पावतीही हसली. साराबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आजीबाईंना मग त्यानं काय सांगितलं, ते ऐकायला वळून बसल्या.